म्हातारी, हसरी, ०३

कोपरखैरणे, सेक्टर सात. गाळ्याचं शटर अर्धं खाली.
पद्माकरशेठ रात्री दोनला कार्डं आणून टाकतो टेबलावर,
चार लग्नं, एक साखरपुडा, एक बारसं,
आणि म्हणतो, सोमवारपर्यंत.

लोकांना वाटतं, एडिटर म्हणजे जोडणारी.
मी आधी फेकते.
हललेलं, काळवंडलेलं,
कॅमेरा बंद करायचा राहिला म्हणून आलेली
शेठच्या चपलांची सात मिनिटं,
कॅमेरा दिसताच घास तोंडाशी थांबवणारे काका.

मग उरलेल्यातलं, जे कुणाचंच नाही, ते बाजूला काढते.
समईची वात. बँजोवाल्याची बोटं.
हळदीचे हात, मनगटापासून खाली, चेहरा नको.
नाव देते, आकडा देते:
हात, पिवळे, ११.
अक्षता, हळू, २६.
धूर, उजवीकडून.
चार सेकंद, फार तर पाच,
आणि मागेपुढे बारा-बारा फ्रेम जास्तीच्या,
शिवणीत माया सोडतात तशा.
माझी आई ब्लाउज शिवायची, तिचा शब्द.
पुढं कुणाला उसवावं लागलं तर.

ऐरोलीच्या लग्नात सानपाड्याची समई जळते.
नेरूळच्या नवरीवर तीन वर्षांपूर्वीच्या अक्षता पडतात.
अक्षतांना आडनाव नसतं.

सगळ्यात चालली ती ‘म्हातारी, हसरी, ०३’.
गोठिवलीच्या कुठल्याशा हळदीतली.
हिरवं लुगडं, डोळे मिटलेले, मान जरा वर,
उघड्या तोंडात एकच दात.
आवाज काढलेला, वर गाणं येणारच असतं.
शेठ म्हणायचा, इथं ढिलं पडतंय, म्हातारी टाक.
एकोणचाळीस लग्नांत हसली ती.

परवा दुपारी एक माणूस आला, एनएमएमटीचा कंडक्टर,
खांद्याला अजून पिशवी.
हिराजी भोईर, गोठिवली.
जुईनगरला आमच्या ड्रायव्हरच्या पोरीची फिल्म बघत होतो, म्हणाला,
त्यात माझी आई कशी?

क्लिप लावली.
तो बघत राहिला.
“ही हसत नाय,” म्हणाला. “धवला घेतेय.”

चांगुणाबाई. धवलारीण.
आसपासच्या पाच गावांत तिच्याशिवाय हळद लागत नसे.
दोन वर्षं झाली जाऊन.
“आवाज लाव ना, ताई.”

मूळ फुटेज कधीच पुसलेलं.
डिस्क भरली की जुनं जातं, नियम माझाच.
अख्ख्या रात्रीच्या हळदीतले
माझ्याकडे चार सेकंद. तेही मुके.
थांबा, म्हटलं, आणि क्लिपची टोकं दोन्हीकडून ओढली.

नंतरच्या बारा फ्रेममध्ये काही नव्हतं, कुणाचा तरी खांदा आडवा आलेला.
आधीच्या बारा:
ओठ मिटलेले.
खांदे वर येतात. नाकपुड्या रुंदावतात.
गळ्याशी खळगा पडतो.
श्वास घेतेय.

पुन्हा, तो म्हणाला.
अर्धा सेकंद.
पुन्हा.
नवव्या का दहाव्या वेळी तिच्याबरोबर त्यानंही घेतला,
आणि जिथं तिचं तोंड उघडतं तिथं
त्याच्या घशातून काहीतरी निघालं, बारीक, बेसूर,
शब्द निम्मे विसरलेले.
शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला.

पेन ड्राइव्ह दिला. पैसे नको म्हटलं,
तर तिकिटाचे सुटे मोजावेत तशा
दहाच्या चार नोटा माउसखाली सरकवून गेला.

मी नाव बदललं:
चांगुणाबाई भोईर, धवल्याआधी.
फोल्डर वेगळं केलं. त्यात अजून दुसरं काही नाही.

शनिवारी शेठ मागं येऊन उभा.
इथं ढिलं पडतंय. म्हातारी कुठाय?
करप्ट झाली, म्हटलं.

मग तसंच राहू दिलं ते, ढिलं.
नवरीची मावशी
रिकामी पातेली मोजत उभी आहे,
चुकते, पुन्हा पहिल्यापासून मोजते.